काळ्या गिटारीचं काय करायचं

मी, भार्गव शालिग्राम पिंपळापुरे, वय सत्तावीस, राहणार शंकर नगर, रायपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता आणि सकाळपासून चहाशिवाय काहीही न घेता हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी असं काही लिहिलेलं नाही. सापडलंच तर ते गाण्याचे बोल समजावेत आणि रद्द धरावेत. श्रीपाद काका, म्हणजे बाबांचे मित्र आणि वकील, समोर बसले आहेत. माझी शाळा हिंदी माध्यमाची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तेच पाहून राहिले आहेत.

लिहिण्याचं कारण असं. माझ्या मानेच्या मणक्यात एक गाठ आहे, ती मंगळवारी काढणार. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी दिसते, माणूस बहुतेक वाचतो. पण ती डाव्या हाताच्या नसांना चिकटून आहे, म्हणून हात पहिल्यासारखा राहील याची हमी नाही. बाबांनी विचारलं, "म्हणजे कितपत?" डॉक्टर म्हणाले, "जेवण वगैरे होईल. गिटारचं नाही सांगता येत." जेवण तर मी उजव्या हातानं करतो. बाबा वर्षानुवर्षं माझ्या गिटारीला 'खटारा' म्हणत आले. त्या दिवशी पार्किंगमध्ये ते गाडीची चावी कुठं ठेवली तेच विसरले.

कलम १. मोटारसायकल बाबांना. त्यांनी ती चालवू नये, विकून टाकावी, सायलेन्सर बदललेला आहे. बँकेत जे असेल ते आईला, सौ. मंदाकिनी यांना, त्याचा आकडा लिहून तिला त्रास देत नाही. तंबू आणि पाठीवरची मोठी पिशवी तेलीबांध्याच्या तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या कोणत्याही उडाणटप्पू पोराला द्यावी, मात्र तो परीक्षा बुडवून जाणारा नसावा. मी स्वतः बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पेपराला निघालो होतो. स्टँडवर जगदलपूरची बस लागलेली, तिच्या टपावर ऑर्केस्ट्रा पार्टीचे स्पीकर चढून राहिले होते, आणि त्यांचा गिटारवाला आला नव्हता; पेपर सोडून मीच चढलो. पुढची सहा वर्षं अशीच गेली. लग्नं, नवरात्रातले देवीच्या जसगीतांचे कार्यक्रम, कुठल्या तरी कंपनीचा वर्धापनदिन. बस्तर पाहिलं, सरगुजा पाहिला. पश्चात्ताप नाही. काका म्हणतात, मृत्युपत्रात पश्चात्ताप असलाच पाहिजे असं नाही.

कलम २. लाल गिटार अच्युतला.

अच्युत माझा शाळेपासूनचा मित्र, आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट सल्ल्याचा मालक. मी पहिली गिटार घ्यायला निघालो तर तो म्हणाला, "भाऊ, ही हेवी मेटल म्युझिकसाठीच बनली आहे. डोळे मिटून घे." मी डोळे मिटून घेतली. लाल रंग, दोन शिंगं, मानेवर पट्ट्यापट्ट्याला शिंपल्यात कोरलेल्या कवट्या. मांडीवर घेतली की घसरते, आणि ऑर्केस्ट्रात माणूस चार-चार तास बसून वाजवतो. तिचा ब्रिज, म्हणजे तारा जिथं अडकवतात तो भाग, स्प्रिंगांवर तरंगणारा. दिसायला जबरदस्त, पण एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिजला मागं ओढतात आणि उरलेल्या सगळ्या तारांचा सूर चढतो. राजनांदगावला नेमकं आरतीच्या वेळी तेच झालं. गाणारी दीदी माइक हातानं झाकून म्हणाली, "भैया, आप माता को बुला रहे हो या भगा रहे हो?"

मग मी सुताराकडून सागवानाचा एक तुकडा तासून घेतला आणि ब्रिजच्या मागं ठोकून दिला. आता तो ब्रिज हलत नाही आणि गिटार बऱ्यापैकी वागते. अच्युतनं तो तुकडा काढू नये. शिवाय वर्षातून एकदा तरी तिच्यावर पूर्ण रात्रभराचं जसगीत बसून वाजवावं, म्हणजे त्याला आपला सल्ला समजेल. बाकी माझी तक्रार नाही. तपासण्यांच्या दिवसांत तो रोज डब्यात तांदळाच्या धिरड्यांसारखा चीला आणि टमाटरची चटणी घेऊन आला, आणि अर्धा डबा वाटेतच खाऊन आला.

कलम ३. काळी गिटार माझ्या धाकट्या बहिणीला, राधिकेला.

ही मी भिलाईच्या एका पोट्ट्याकडून घेतली. तो कॅनडाला निघाला होता. हिच्याही खोक्यावर आगीचे लोळ आणि 'मेटल' असं मोठ्या अक्षरांत. म्हणून मी या वेळी डोळे उघडे ठेवले. राधिके, पुढेमागे तुला दुसरी गिटार घ्यायची झाली तर हे वाचून दुकानात जा. याची वेगळी किंमत नाही, हेही कलम ३ मध्येच धरावं.

दुकानदार आधी ती मोठ्या अँपला जोडेल आणि डिस्टॉर्शन चढवून देईल. त्या गदारोळात लाकडाची फळीसुद्धा चांगली वाजते. त्याला म्हण, भैया, वायर काढा. नुसती वाजव, पोटाला लावून. लाकूड थरथरलं पाहिजे आणि सूर रेंगाळला पाहिजे. मानेच्या कडेवरून तळवा फिरव. फ्रेटची, म्हणजे त्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं टोचली तर कारखान्यानं घाई केली आहे, रंगावर खर्च केला आणि हातावर नाही. पट्टा लावून हात सोडून दे; गिटारीचं डोकं जमिनीकडं झुकलं तर रात्रभर तूच ते उचलून धरशील. तारा ताणून सोड, सूर जागेवर येतो का पाहा.

मग अँप जोड, पण साफ आवाजावर. पूर्ण कॉर्ड वाजव, सगळ्या तारा एकदम. मेटलचे पिकअप, म्हणजे तारांखालचे चुंबक, गरम डोक्याचे असतात, सगळ्या तारा एकमेकींत कालवून पिठलं करतात. चांगल्या पिकअपमध्ये कॉर्ड वाजली तरी प्रत्येक तार आपापल्या नावानं ओळखू येते. आवाजाची कळ अर्ध्यावर आण. आवाज नुसता मरगळला तर ठेवून दे, मवाळ झाला तर घे. मागं चौकोनी सेलची डबी असेल तर वायर लावून ठेवायची नाही, सेल बसल्या जागी संपतो आणि कार्यक्रमात गिटार घोगरी होऊन गप्प होते. आणि रंग काळा आहे की लाल, कवट्या किती, हे सगळ्यात शेवटी पाहा. पाहूच नको असं म्हणत नाही. आवडलं तरच माणूस रोज हातात घेतो.

काळी या सगळ्यात पास झाली. अच्युतच्या बँडमध्ये तिनं स्पीकर फाडला आहे. लग्नात नागीण वाजवली आहे. आणि बाबांच्या मंडळाच्या गणपतीत, कळ अर्ध्यावर ठेवून, तिनं भावगीताला साथ केली. नंतर एक काकू येऊन म्हणाल्या, "सतार फार गोड वाजवलीस रे बाळा." बाबा घरी येईपर्यंत हसत होते. गिटारीबद्दल त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

या दिवाळीनंतर तीच काळी खरखरायला लागली. चौथ्या-पाचव्या फ्रेटवर सूर धरला की भुणभुण. मी म्हटलं, मान वाकली. मानेतली सळई कसली, सैल केली, पुन्हा कसली. तारा बदलल्या. ब्रिज उचलला. कंपनीला महिनाभर शिव्या घातल्या. एका दुपारी राधिका म्हणाली, "दे इकडं." तिनं त्याच जागी तीच तार दाबली. सूर घंटेसारखा स्वच्छ.

"आता तू वाजव, दादा."

माझी पुन्हा भुणभुण.

तिनं माझा डावा हात ओढून घेतला आणि खाली पाहत बसली. मी म्हटलं, "काय करून राहिली?"

"चिमटा काढून राहिली. करंगळीले. जोरात."

मला चिमटा जाणवतच नव्हता. गिटार चांगली होती. तेव्हापासून राधिकेनं काळीला हात लावलेला नाही. तिला वाटतं तिनं शोधलं म्हणून ते झालं. राधिके, तू शोधलं म्हणून ते लवकर सापडलं. हे डॉक्टरांनीही तुला सांगितलं आहे आणि मी इथं सहीनिशी सांगतो.

म्हणून, माझ्या पश्चात काळी गिटार राधिकेला मिळावी. आणि मी वाचलो पण हात गेला, तरीही राधिकेलाच मिळावी.

इथं श्रीपाद काकांनी हात वर केला. "हे दुसरं वाक्य चालत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होते. जिता माणूस देते त्याले बक्षीसपत्र म्हणतात."

राधिका दारात होती. किती वेळची, माहीत नाही. "पहिलं वाक्यपण काटून टाका. मले नको."

"काहून?"

"तू वाजवशील."

"नाही वाजवता आली तर?"

"तरी नको. तुझा हात जाईन आणि मले गिटार भेटन? असा सौदा मी नाही करत." मग काकांकडं वळून, "काका, साक्षीदार कोण?"

"एक मी. दुसरा अच्युत होता, पण याने त्याले लाल गिटार देऊन ठेवली. ज्याले काही भेटणार, त्याने साक्षीची सही करू नये. त्याचं देणं अडचणीत येते."

राधिकेनं माझ्या हातातून पेन घेतलं. "मग मी करते सही. कुठं?"

"थांब ना पोट्टे, आधी त्याची होऊ दे!"

"होऊ द्या. मी बसली आहे इथं." ती पेन मुठीत धरून बसलीच. "आता मेल्यावर तू मले काहीच देऊ शकत नाही, दादा. कानून आहे."

काका म्हणाले, "इले एलएलबीले टाका."

मी कलम ३ पुन्हा एकदा वाचलं. मग म्हटलं, "मेल्यावर नाही ना? मग आत्ता घे."

"आत्ता घेतली म्हणजे मी मानलं असं होते. की तुझा हात जाणार."

"तुझं माननं-न माननं माझ्या नसेले काय समजते? ऐक. हात राहिला तर दोघं वाजवू, मारामारी करू. गेला तर ती भिंतीवर टांगलेली राहीन आणि मी रोज भिंत पाहीन. ते मले नाही होणार. मले ती वाजताना पाहिजे. या घरात, तुझ्या हातानं, चुकीची वाजली तरी."

ती बराच वेळ पेनाचं झाकण लावत-काढत राहिली.

"शिकवशील तू," ती म्हणाली. "पूर्ण. हात नाही चालला त तोंडानं. तोंड त चालतेच तुझं."

"तोंडाची हमी डॉक्टरनं दिली आहे."

मग तिनं पेन ठेवलं, आत गेली आणि काळी घेऊन आली. काकांसमोर मी ती उजव्या हातानं धरून तिच्या मांडीवर दिली. तिनं घेतली. काका म्हणाले, दिली आणि घेतली, एवढं पुरे. तिनं एक कॉर्ड वाजवली, दोन तारा चुकल्या. मी सांगितलं कोणत्या.

त्यामुळे कलम ३ च्या मथळ्यावर आणि त्यातील देण्याच्या दोन्ही वाक्यांवर रेघ मारली आहे. रेघ माझी आहे, बाजूला माझी सही आहे. काळी गिटार आजपासून माझ्या मालमत्तेत नाही. ती राधिका शालिग्राम पिंपळापुरे हिची आहे आणि मी जगलो किंवा मेलो तरी त्यात फरक पडणार नाही. गिटार कशी पारखावी याबद्दल लिहिलेला मजकूर तसाच ठेवावा. तो कोणीही वापरू शकतो, अच्युतनं तर नक्कीच.

वरील सर्व मी स्वतःच्या हातानं लिहून, पुन्हा वाचून, काकांनी सुधारलेल्या वेलांट्यांसह मान्य केलं आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

स्थळ : रायपूर, छत्तीसगढ
दिनांक : १४ डिसेंबर २०२५, रविवार

(सही) भार्गव शालिग्राम पिंपळापुरे

साक्षीदार :

१. (सही) श्रीपाद विनायक देशकर, वकील. मृत्युपत्रकर्ता शुद्धीत होता. बोलत फार होता.

२. (सही) राधिका शालिग्राम पिंपळापुरे. मी हे पूर्ण वाचलं आहे. या मृत्युपत्रानं मला काहीही मिळत नाही.