मातीतला बद्री

१ डिसेंबर
आजपासून पेजचं नाव ‘मातीतला बद्री’. अंबडचा मोबाइलवाला अतिक म्हणाला, लोकांना अस्सल माणूस पाहिजे. अस्सल तर मी जन्मापासून आहे, आजवर कोणी दखल घेतली नाही एवढंच. धोतर विकत आणलं. नेसायचं कसं ते यूट्यूबवर पाहिलं.

३ डिसेंबर
बागेत शूटिंग. आमची मोसंबी पाच वर्षांची झाली, यंदा पहिला बहार. दैवशालाने बाग ताणावर सोडली आहे. संक्रांतीपर्यंत पाणी बंद, तरच झाड फुलं धरतं. मलाही कळतं ते. पण सुकलेल्या झाडांपुढे ब्रँड कसा उभा राहणार? थोडं पाणी सोडू म्हटलं. ती म्हणाली, पाण्याच्या कॉकला हात लावला तर घरात येऊ नका. बायको म्हणून एवढा तरी सपोर्ट करावा.

१४ डिसेंबर
दैवशाला बदनापूरला बहिणीकडे. आज रील उरकायची. विषय ‘संयम’. ओंजळीत ठिबकचं पाणी, मागे बाग. दहा मिनिटांच्या पाण्याने काय होतं? कॉक उघडला, तर लाईट नाही. वाट पाहून कंटाळलो. मोटर ऑटोवर ठेवून दाढी सेट करायला अंबडला गेलो. सलूनमध्ये गर्दी होती.

१५ डिसेंबर
काल मी गेल्यावर लाईट आली. परत येईपर्यंत मोटर चालू, अख्खी बाग भिजलेली. चूक लाईटची. ओल्यावर कोरडी माती पसरून टाकली. रील मात्र उत्तम झाली, लगेच टाकली.

२८ डिसेंबर
झाडांना कोवळी पालवी. दैवशाला प्रत्येक झाडापाशी थांबते. म्हणाली, पाणी तर दिलंच न्हाई, मंग असं कसं होऊन राह्यलं? मी हवामान बदलावर बोललो. ती म्हणाली, माझंच काही चुकलं असंल. मी म्हटलं, होतं कधीकधी असं. तिला तेवढाच धीर.

१९ जानेवारी
व्हायरल! बागायतदारांच्या ग्रुपवर कोणीतरी माझी रील टाकली. वर लिहिलंय, ताणात पाणी सोडणारा हा शहाणा कोण्या गावचा? जळके लोक. अतिक म्हणाला, भाऊ, आता शहागडपर्यंत लोक तुमाला बराबर ओळखतेत. नशीब, दैवशालाकडे साधा फोन आहे.

६ फेब्रुवारी
शेजारच्या बागा फुलांनी पांढऱ्या झाल्यात, वास आमच्या ओसरीपर्यंत येतो. आमची बाग हिरवीगार, फूल नाही. बदनापूरच्या बहिणीने दैवशालाला रील दाखवली. वाटलं, भांडेल. ती एवढंच म्हणाली, मी सोताला दोष देत होते, तवा तरी बोलायचं होतं. आणि खुरपं घेऊन दुसऱ्याच्या बागेत कामाला गेली.

पाच वर्षं तिने ही झाडं जपली. बागेत जाऊन तिची माफी मागायचा व्हिडिओ केला. धोतर नाही, स्क्रिप्ट नाही. बोलता बोलता खरंच रडू आलं, थांबेचना. शेवटी नाक पुसून फोन पाहिला. रेकॉर्डिंग चालूच केलं नव्हतं.

उद्या याच वेळी, याच उजेडात पुन्हा रडून बघतो.