दाराजवळचं स्टूल

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझी आई जाऊन महिना होत आला. मला अजून काही वाटत नाही. भूक लागते, जेवतो, झोपतो.

वाटणी तू असतानाच उरकली ते बरं झालं. पुढचं घर आणि स्वयंपाकघर आपल्याकडे, मागच्या दोन खोल्या तुझ्या काकाकडे. चूलही तिकडेच मांड म्हणालो. धाकट्याने हूं की चूं केलं नाही. परराष्ट्र खात्यात जन्म काढून मी एवढंच शिकलो, बळी तो कान पिळी. समोरच्याचं बळ जोखून सीमा आखली की शांतता टिकते. तू वर्गात काहीही शिकव, बाई.

लोभ आहेच.
बाबा

दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

रडू मलाही येत नाही, तेव्हा त्याची काळजी नको.

या आठवड्यात आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गात तुमचीच बाजू शिकवली, अगदी इमानाने. मग तुमचा बाहेरच्या खोलीतला फोटो आठवला. तहाचं टेबल, तुम्ही सगळे सुटात, आणि भिंतीकडेला बसलेली चार माणसं. ती कोण, असं मी लहानपणी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ज्यांच्या जमिनीचं बोलणं चाललं होतं ती. मी मुलांना सांगते, ज्यांच्यावर दुसऱ्यांनी राज्य केलं त्यांना दुबळं म्हणण्याआधी त्यांना टेबलाशी जागा कोणी दिली नाही ते विचारा.

वाटणीच्या दिवशी आपण दोघं टेबलाशी होतो आणि काका दाराजवळच्या स्टुलावर. मीही त्यांना बोलावलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

काका घर सोडायचं म्हणताहेत. ते काम करतात त्या बाइंडिंगच्या दुकानावरची खोली घेणार आहेत. एकदा त्यांना शेजारी बसवून काय हवं ते विचारा. नाहीतर एवढ्या घरात तुम्ही एकटे उराल.

राग धरू नका.
ठमी

दि. २० फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

बापाची शिकवणी घेतेस, फी काय ते कळव.

रविवारी धाकट्याला बोलावलं. तुझ्या आईची खुर्ची ओढून दिली. तो स्टुलावरच टेकला. म्हणाला, दादा, तिथं बसायची सवय नाही. काय हवं विचारलं, तर म्हणाला, वहिनी होती तोवर मागावं लागलं नाही, आता मागता येत नाही. मग मागच्या खोल्यांची किल्ली टेबलावर ठेवून गेला. भांडला असता तर मला बोलता आलं असतं. भांडणाऱ्यांशी कसं बोलायचं ते मला येतं.

आता अख्खं घर माझं. सीमा राखायचीही गरज नाही.

काल त्या स्टुलावर बसून जेवलो. तिथून माझी खुर्ची पाठमोरी दिसते. इतकी वर्षं जेवताना त्याला माझी पाठच दिसली असणार. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खरकटा हात वाळला तरी उठलो नाही, एवढंच.

त्या दुकानाचा पत्ता तुझ्याकडे असेल. मी कधी विचारला नव्हता. पाठव.

लोभ दोघा भावांना पुरेल इतका ठेव.
बाबा