कुंपणाची कारणं

तोआ पायोह, गुरुवार संध्याकाळ

सोमवारी बागेला कुंपण घालणार, हे नक्की झालं. बाग समितीच्या सेक्रेटरीबाईंनी लिफ्टमध्येच सांगितलं. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या बागेचे वाफे सोडत काढून वाटले. शेजारच्या लिम आंटींचं नाव यादीत नाही. त्यांनी अर्जच केला नव्हता. इतकी वर्षं तिथे गवती चहा लावणाऱ्या बाईला अर्ज कुठून सुचणार?

समितीसाठी कुंपणाच्या मागणीचं पत्र मीच लिहून दिलं होतं. भाजी चोरीला जाते, वाफे विखुरलेले आहेत, पाणी वाया जातं. कारणं सगळी खरी. आज इंग्लंडमधल्या सामाईक शेतांना कुंपणं का घातली गेली, हा पाठ्यपुस्तकासाठीचा धडा लिहून संपवायला बसलो, तर तशीच यादी: विखुरलेले पट्टे, पाण्याचा निचरा, लोकरीचा भाव. ज्यांची नुसती वहिवाट होती, कागद नव्हता, त्यांच्यावर एकच ओळ होती. ती मी काल जागेअभावी कापली. आज परत घातली. त्याने काय होणार?

खाली आंटी भेटल्या. इथल्या बोलीतला 'लाह' जोडून म्हणाल्या, "तू छान लिहितोस लाह. माझ्यासाठी पण एक पत्र लिही."

लिहिलं, नेऊन दिलं. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा." हे माझ्याच पत्रातलं वाक्य.

आंटींना सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी गवती चहाची जुडी हातात ठेवली. नको म्हणता आलं नाही.

उद्या धडा छपाईला जाईल. रविवारी आंटी सगळा गवती चहा स्वतःच उपटणार आहेत, सोमवारी कामगारांना त्रास नको म्हणून. त्यातला मोठा वाटा मला देणार आहेत.