वीतभर बाहुली

२३ नोव्हेंबर, रविवार
मडगावहून व्हिडिओ कॉल. नात रिशेल म्हणाली, "शापाय, माका एक बावली करून दी." आमच्या रेडीत आजोबांना आजो म्हणतात. गोव्यात राहून पोरीची भाषा बिघडते आहे. करतो म्हणालो. नाताळला न्यायला ये, आजीलाही घेऊन ये.
लिलियन मागे उभी होती. फक्त कोपर दिसत होतं. कोपराने विचारलं, "मशीन जोडलंस?"
नेटवर्क गेलं. मी फोन बंद केला, साधारण त्याच वेळी.

२४ नोव्हेंबर
वस्तुस्थिती लिहून ठेवतो. माझी पत्नी लिलियन जुलैत लेकीकडे मडगावला गेली. ग्लेनिशाला नोकरी, रिशेलकडे बघायला कोणी नाही, म्हणून. त्याच दिवशी आमच्यात शिवणयंत्रावरून थोडी चर्चा झाली होती. योगायोग. यंत्र मी तेल द्यायला उघडलं होतं, लॉकडाऊनमध्ये. सगळे भाग बिस्किटाच्या डब्यात सुरक्षित आहेत.
ती एक पिशवी घेऊन गेली. कपाट भरलेलं आहे. कपडे ठेवून कोणी बाई कायमची जात नाही. हे फ्रेडीलाही समजावलं. फ्रेडी शेजारी. कुवेतहून परतल्यापासून आमच्यामधल्या दगडी गडग्यावर रेलून उभा राहणं एवढंच काम करतो. म्हणाला, "होय रे मास्तर. कपडे ठेवन गेली, तुका पण ठेवन गेली."


२६ नोव्हेंबर
योजना. बाहुली वीतभर. हायस्कूलात मी आयुष्यभर कार्यानुभव शिकवला. टाकाऊतून टिकाऊ हा माझा विषय. तपासणीच्या वेळी माझ्या वर्गातल्या बाहुल्या साहेब हातात घेऊन बघत. शिवायची लिलियन, पण फळ्यावरची आकृती माझी असे.
दोन संध्याकाळी पुरतील. मग लगेच मशीन.

२७ नोव्हेंबर
लिलियनचं कपाट उघडलं. हिरवा फ्रॉक मऊ आहे, बाहुलीला उत्तम. पण तो ती चर्चच्या फेस्ताला घालते. निळ्याचा रंग पुन्हा मिळायचा नाही. पिवळी साडी ग्लेनिशाच्या लग्नातली. फाटका टॉवेल म्हणून एक बाहेर काढला, तर तो रफू केलेला निघाला. डांबरगोळ्यांचा वास. कपाट बंद केलं.
तिचे कपडे न कापण्याचं कारण तांत्रिक आहे. मऊ कापड कडेने उसवतं.
माझा आकाशी शर्ट घेतला. खनिजाच्या ट्रकांच्या धुळीने तो लालसर झालाच होता.

३० नोव्हेंबर, रविवार
कागदावर बाहुली काढली. उत्कृष्ट. तशीच कापली, कडेने शिवली, उलटवायला घेतली. हात करंगळीएवढे झाले. पेन्सिलने आतून ढकलले तर फाटले. शिलाईसाठी कडेला जागा सोडायची असते. हे मी मुलांना लिहून देत असे.
दोष मापाचा. वीत फार लहान. बाहुली हातभर असावी.

४ डिसेंबर
पांढऱ्या शर्टाचं डोकं केलं. भरायला चिंध्या कमी पडल्या म्हणून एक पायजमा कातरला. तो जास्त झाला. पण कापलेलं वाया घालवणं तत्त्वात बसत नाही, म्हणून सगळा भरला.
डोकं नारळाएवढं झालं. फ्रेडीने गडग्यावरून विचारलं, "सोलूक देव काय कोयती?"
मान डोकं पेलत नाही. उपाय सोपा आहे. धड मोठं करणं. प्रमाण साधलं की झालं.

७ डिसेंबर, रविवार
शोध लागला. पँटची तंगडी म्हणजे तयार धड. दोन्ही बाजू शिवलेल्या, फक्त भरायचं. काळ्या पँटची डावी कापली. उजवी एकटी कोणाच्या उपयोगाची, म्हणून तिचे हात केले.
काळी पँट चर्चची होती हे नंतर लक्षात आलं. मिसाच्या प्रार्थनेला गेलो नाही. पाय दुखतो असं फ्रेडीला सांगितलं. म्हणाला, "पाय दुखता की पँट?"

१० डिसेंबर
कपड्यांचा आढावा घेतला. काळजीचं कारण नाही, पण शिरोड्याला जाऊन एक पँट आणावी असं वाटलं. मग विचार केला, विकतचं आणणं म्हणजे टाकाऊतून टिकाऊचा पराभव. शिवाय शिरोड्याला पँट आणायला जाताना पँट लागते. खाकी आहे, पण ती बाहुलीच्या पायांसाठी राखून ठेवली आहे.
मशीनचा डबा उघडून पाहिला. भाग नीट आहेत. झाकण लावलं.

१४ डिसेंबर, रविवार
पाय झाले. त्याआधी बाहुली बसवली की पुढे पडायची, साष्टांग. आता बसते. उभी धरली तर माझ्या खांद्याला लागते.
वीतभर ही मूळ कल्पना कायम आहे. वीत कोणाची, हे कुठे ठरलं होतं?
आज मिसाच्या वेळी आवाज न करता बसून राहिलो. घंटा ऐकली. लोक जाताना दिसले, येताना दिसले. खिडकीचा पडदा थोडा तोकडा आहे.

१८ डिसेंबर, दुपार
व्हिडिओ कॉल. अंगात बनियन, खाली हाफ पँट, म्हणून फोन उंच धरला. रिशेल म्हणाली, बावली केदी जाली? तुझ्याएवढी आहे म्हणालो. मुलं वाढतात.
तेवढ्यात लिलियन पुढे झाली. "तुज्या मागे खुर्चेर कोण बसलो आसा?"
मी म्हणालो, फ्रेडी.
त्याच क्षणी फ्रेडी गडग्यावरून ओरडला, "मास्तर, टीव्ही बारीक कर रे!"
लिलियनने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, नाताळला जमणार नाही, ग्लेनिशाला रजा नाही. मी विचारलं, मग न्यू इयरला? म्हणाली, "बघूया."
बघूया म्हणजे येणार. ओळखतो मी तिला.

२२ डिसेंबर
शिवायला मांडी घातली आणि हाफ पँट बैठकीवर टरकली. दुरुस्तीपलीकडे. तिच्यातून बाहुलीच्या मानेला चांगली पट्टी निघाली.
तात्पुरता उपाय म्हणून लिलियनचा गाऊन घातला. जांभळी फुलं. कापला नाही, फक्त घातला. हवा खेळती राहते. याला खिसा आहे. बायका खिशासाठी इतका आग्रह का धरतात ते कळलं. खिशात तिचं शिवणाचं, बोटात घालायचं टोपण होतं. माझ्या कुठल्याच बोटात जाईना. पुन्हा खिशात ठेवलं.
परसदारी मथुरा मासळी घेऊन आली. दार किलकिलं करून टोपली बघत होतो, तर तिला गाऊनची कड दिसली असावी. ओरडली, "बाय इली गो माजी?" बारीक आवाजात "हं" म्हणालो.
पेडवे ताजे होते.

२५ डिसेंबर
नाताळ. लिलियन आली असं समजून शेजारपाजारच्या तीन घरांतून नेवऱ्या आल्या, एका घरातून नारळगुळाचं दोदोल. सगळं खिडकीतून हात बाहेर काढून घेतलं. बाहेरून "हॅपी ख्रिसमस, लिलियन बाय" असं ऐकू येत होतं. घरात असं नाव ऐकून बरं वाटलं. मी खोडून काढलं नाही.
आमच्या घरचा नाताळचा तारा अजून माळ्यावरच आहे. शिडी बाहेर पडवीत आहे.
दोदोल दोघांना पुरेल एवढं होतं. अर्धं झाकून ठेवलं.

२९ डिसेंबर
बाहुली पूर्ण. डोळ्यांना कोटाची बटणं, अंगात तोच कोट, लग्नातला. कोटाला आता बटणं नाहीत, पण बाहुलीला थंडी वाजत नाही. डोळे दोन दिशांना बघत होते म्हणून माझा जुना चष्मा लावला. आता विचारी दिसते.
फाटकातून शिरताच रिशेलला दिसावी म्हणून पडवीत आरामखुर्चीत बसवली. पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना.
दिवसभर आतून पाहिलं. बाबली रिक्षावाला हॉर्न वाजवून "मास्तरनू, बरे मा?" म्हणून गेला. दोन माजी विद्यार्थ्यांनी हात जोडले. मी पंधरवडाभर कुठे दिसलो नाही, पण माझे संबंध टिकून आहेत.
फ्रेडी एकटाच जवळ आला. तिच्याकडे बघत राहिला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "ह्यो तुज्यापरीस बरो. वाद घालना नाय."

३१ डिसेंबर, संध्याकाळ
घडलं ते क्रमाने लिहितो.
आमच्याकडे मुलं दरवर्षी जुने कपडे आणि पेंढा गोळा करून सरत्या वर्षाचा म्हातारो करतात आणि चर्चपुढच्या तिठ्यावर जाळतात. हे मला माहीत आहे. लहानपणी मीही केलेला आहे. पण माझी बाहुली आणि तो म्हातारा यांत काही साम्य असेल असं माझ्या मनात आलं नाही.
सहाला मुलं फाटकातून आत आली. पडवीत थांबली. एक म्हणाला, "आवशीक! मास्तरनी आमचो म्हातारो करून ठेवल्यानी!" दुसरा म्हणाला, "चष्मो पण घातल्यानी!" चौघांनी उचलला. दोन पाय, दोन खांदे.
मी दाराशी धावलो. कडीवर हात ठेवला. रस्ता माणसांनी भरला होता, सगळे नव्या कपड्यांत. या मुलांच्या बापांना मी शर्ट खोचला नाही म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. अंगातल्या गाऊनकडे पाहिलं.
खिडकीशी गेलो. पडद्याआडून ओरडलो, "अरे ठेवा! ती बाहुली आहे!"
मुलांनी मागे वळून पाहिलं. त्यांना फुलं दिसली असणार. "थँक्यू, बाय! हॅपी न्यू इयर!" म्हणून हात हलवत गेली.
खुर्ची थोडा वेळ हलत होती.

१ जानेवारी
फ्रेडीने वाडीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, मास्तर बरो जळलो. कोट बराच वेळ टिकला, कापड चांगलं होतं. शिवण एकही उसवलेली दिसली नाही. याची कोणी दखल घेतली नाही.
व्हिडिओ मडगावला पोचला. ग्लेनिशाचा मेसेज: रिशेलने चष्मा ओळखला, शापायला जाळलं म्हणून रडते आहे, काही केल्या ऐकत नाही. मम्मी उद्या पहिल्या बसने निघते.
येते आहे. बघूया म्हणाली होती, त्याचा अर्थ मी बरोबर लावला होता.
घर झाडलं. वाटलं, तेवढ्यात मशीन जोडून ठेवावं. डबा उघडला. एक स्प्रिंग कशाची ते आठवेना. आल्यावर तिलाच विचारू. दोघांनी मिळून केलेलं बरं.

२ जानेवारी
लिलियन दुपारी आली. बाबलीच्या रिक्षातून दोन मोठ्या बॅगा उतरवल्या. दोन बॅगा म्हणजे मुक्काम. आत घ्यायला दारातून हात पुढे केला. हलक्या होत्या.
तिने मला गाऊनमध्ये पाहिलं आणि पडवीत खाली बसली. तोंडावर पदर. रडते आहे असं वाटून मी पाणी आणलं. हसत होती. इतकी हसली की फ्रेडी गडग्यावरून उडी मारून आला, आणि तोही हसला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात तिघं होतो.
मग तिने डोळे पुसले. आत गेली. कपाट उघडून उभी राहिली. एकेक कपडा उलगडून बघितला. म्हणाली, "सांतान, माजो एक पण कपडो तू कापूक नाय."
मी म्हणालो, नाही.
म्हणाली, "आनी एक पण स्क्रू लावूक नाय."
ते काम चालू आहे म्हणालो. अर्धं दोदोल ठेवलं होतं ते पुढे केलं. वास घेऊन बाजूला ठेवलं. आंबलं होतं.
हिरवा, निळा, पिवळी साडी, रफूचा टॉवेल. दोन्ही बॅगा भरल्या. मशीन बाबलीने आणि फ्रेडीने रिक्षात चढवलं. डबा तिने स्वतः मांडीवर घेतला. मडगावला जोडून घेते म्हणाली. रिशेलला बाहुली हवी आहे. त्या स्प्रिंगबद्दल विचारायचं राहिलं.
फ्रेडीने त्याची एक पँट आणून दिली. कमरेला दोरी लागते. मी गाऊन उतरवून, घडी करून रिक्षापर्यंत घेऊन गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं. "ऱ्हवांदे तुका," म्हणाली. रिक्षा गेली.

संध्याकाळी
कपाट रिकामं आहे. गाऊन त्यात टांगला. शिवणाचं टोपण खिशात तसंच आहे, मुद्दाम पाहिलं.
कपडे ठेवून कोणी बाई कायमची जात नाही.