खंडेनवमीला गेलेला प्रोसेसर

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
बालाघाट ग्रामशिक्षण संस्था,
मुख्य कार्यालय, कळंब.

विषय : जमा करून घेतलेला जुना प्रोसेसर आजच्या आज परत मिळणेबाबत.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले पत्र, दि. १० ऑक्टोबर २०२५.

महोदय,

बोरखळी येथील आपल्या संस्थेच्या शाळेत मी संगणक शिकवते. संदर्भीय पत्रात आपण तीन बाबींचा खुलासा मागवला आहे : नवा प्रोसेसर नादुरुस्त कसा झाला, त्यास जबाबदार व्यक्ती कोण, आणि पूजेत वापरलेली हळद कोरडी होती की ओली. तिसरी बाब सोपी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. हळद ओली होती. कुंकूही ओले होते.

१. शाळेतला संगणक कंपनीकडून तयार आलेला आणि आता जुना झालेला आहे. मुले त्यावर चित्रफीत करायला बसली की तो मध्येच मान टाकायचा. दुरुस्तीवाले शांतलिंग यांनी पेटी उघडून पाहिली आणि सांगितले, "बाकी सगळं दणकट हाय, प्रोसेसर तेवढा दमलाय. ह्याच बोर्डावर बसणारा जरा दमदार घ्या." त्यानुसार मागणी केली. आपण ती मंजूर केलीत, त्याबद्दल मी तेव्हाही आभार मानले होते आणि आताही मानते. मात्र नियमाप्रमाणे जुना प्रोसेसर आधी भांडारात जमा करावा लागला. नवा चालला नाही तर काय, असे मी चालू वस्तू काढून देताना विचारले होते, पण 'नाही तर'साठी नियमात रकाना नाही.

२. नवा प्रोसेसर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. खंडेनवमीला आमच्या शाळेत फुटपट्ट्या, प्रयोगशाळेतला तराजू, बागेतली खुरपी असे सगळे मांडून पूजा होते. मुख्याध्यापक धोंडीबा सर म्हणाले, हाही मांडू, पूजा झाली की बसवू. प्रोसेसरची वरची बाजू साधी पत्र्याची असते आणि खालच्या बाजूला सोनेरी ठिपके असतात. प्रमुख पाहुण्यांना ठिपक्यांची बाजू जास्त शोभिवंत वाटली. मी तबक धरून शेजारीच उभी होते. "साहेब, त्या बाजूला नको," असे मी म्हणालेही. पाहुणे म्हणाले, "मॅडम, देवाला उलटी-सुलटी बाजू नसते." आणि त्यांनी ठिपक्यांवर हळदकुंकवाचे बोट टेकवले.

३. दसऱ्याला शांतलिंग तो बसवायला आले. ते म्हणाले, "आधी पुसून घेतो. ह्या ठिपक्यांतूनच करंट जातो." धोंडीबा सर आडवे आले. सणासुदीला कुंकू पुसतात का, असे म्हणून त्यांनी पाहुण्यांनाच फोन लावला. पलीकडून हुकूम आला, "कुंकू पुसायचं नाही. आहे तसा बसवा." आहे तसा बसवला. पंखा फिरला, जळका वास आला, आणि पडदा काळा तो काळाच राहिला. पुढे शांतलिंग यांनी बोर्ड ब्रशने साफ करून तपासला. बोर्ड वाचला आहे. जुना प्रोसेसर दिला तर लगेच चालू करून दाखवतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

४. आपण लिहिता की जमा झालेली वस्तू परत देण्याची तरतूद नाही, नवी मागणी करावी, पुढील तिमाहीत विचार होईल. महोदय, पुढील तिमाहीत ज्ञानेश्वरी उसाच्या फडात असेल. ही आमची आठवीतली मुलगी. तिने या संगणकावर चित्रे काढून गोष्ट केली आहे. तिच्या आईची, गजराबाईंची, शेळी दावे तोडून शाळेत येते आणि वर्गात बसते, अशी ती गोष्ट. घरचे सगळे भाऊबीज झाली की ऊसतोडीला निघतात. यंदा मुलीला मावशीकडे ठेवा, म्हणून मी गजराबाईंच्या मागे लागले होते. त्या म्हणाल्या, "बाई, पोरगी रोज त्या डब्याम्होरं बसती. काय करती ते मला डोळ्यानं दावा. पटलं तर ठिवते. न्हाय तर धाकलं लेकरू सांभाळाया न्हेते." मी शब्द दिला. गेल्या आठवड्यात त्या आल्या, काळ्या पडद्यापुढे बराच वेळ बसल्या आणि पदर खोचून उठल्या. ज्ञानेश्वरी जागची हलली नाही. मला भयंकर राग आला, आणि तो काढावा कोणावर ते कळेना. चित्रफीत दुसरीकडे दाखवावी, तर गावात दुसरा संगणक नाही, आणि आतली डिस्क शाळेबाहेर नेण्यास आपलीच मनाई आहे.

५. आता राहिली जबाबदार व्यक्ती. तिचे नाव व हुद्दा विनाविलंब कळवावा, असा आपला आदेश आहे. हे लिहिताना मी बरेच कागद फाडले. महोदय, खंडेनवमीचे प्रमुख पाहुणे आपण होता. दसऱ्याचा फोनही आपणच उचलला होता. कामाच्या व्यापात विसर पडला असेल, असे मी धरून चालते. आपण जे केले ते श्रद्धेने केले, याबद्दल मला शंका नाही. खुलाशात माझे नाव घाला, तबक मी धरले होते. माझी काही हरकत नाही. मला फक्त जुना प्रोसेसर द्या.

६. त्या प्रोसेसरवर चित्रफीत अर्ध्यावर अडकते, हे मला मान्य आहे. शेळी दावे तोडते, ओढा ओलांडते, शाळेच्या फाटकापर्यंत येते आणि तिथेच थांबते. गजराबाईंना तेवढे पुरे आहे. त्यांना आपली शेळी ओळखू येईल.

७. हा अर्ज मी टपालाने पाठवलेला नाही. आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून हे शेवटचे लिहिते आहे. उद्यापासून शाळेला दिवाळीची सुट्टी लागते आणि मुख्याध्यापक कुलूप लावून गावाला जातात, म्हणून आज. शेजारी गजराबाई आहेत. शेळ्या शेजारणीच्या हवाली करून, एसटीने, माझ्या शब्दावर दुसऱ्यांदा आल्या आहेत. मला सारखे विचारताहेत, "सायेब आत हायेत का न्हायेत?" मी सांगितले आहे की आहेत. आपला पंखा चालू असलेला इथून दिसतो.

आपल्या दारात बसलेली, आपली नम्र,
राजेश्वरी बसप्पा कोरे
संगणक शिक्षिका, बोरखळी
कळंब, दि. १५ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१. नवा प्रोसेसर. आपल्या हुकमाप्रमाणे कुंकू पुसलेले नाही.
२. जुना परत नेण्यासाठी रिकामी डबी.