चांगलं म्हणणारा कोण

दिघोरी, जि. भंडारा
ता. ११ नोव्हेंबर १९७९

प्रिय विमलबाई,

जयभीम. इकडे आम्ही सगळे ठीक. तुझी भावजय निर्मला, तिचा खोकला गेला. धान कापणीला आलं आहे, त्यामुळे शाळेत अर्धी बाकं रिकामी असतात आणि हजेरी घेताना मलाच लाज वाटते. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे दुखतात म्हणत होतीस.

तुझं पार्सल मंगळवारी मिळालं. दोरी एकदा सोडून पुन्हा बांधल्यासारखी दिसत होती. पोस्टमन म्हणतो, मी हात लावला नाही. मला त्याचा भरवसा नाही. आत पुस्तक होतं आणि तुझी चिठ्ठी होती. "तेजराम, तू गुरुजी आहेस. यातलं पयलं पान वाच. चांगलं चांगलं असा एकच शब्द घडी घडी येते. त्याचा अर्थ मले सांग." बस, एवढंच. भाच्यांची विचारपूससुद्धा नाही.

बाई, तू मला बायबल पाठवशील असं मला कधी वाटलं नव्हतं. आपल्या बापानं, यादोरावनं, छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले देव वैनगंगेत सोडले, तेव्हा टोपली तुझ्याच डोक्यावर होती. एका दारातून इतक्या कष्टानं बाहेर पडलो ते दुसऱ्याच्या दारात उभं राहायला का? पवनीच्या त्या मिशनच्या दवाखान्यात तू बारा वर्षं दाई म्हणून आहेस. तिथल्या सिस्टर अन्नम्मा केरळातून इतक्या लांब येऊन आपल्या बायांची बाळंतपणं फुकटात करतात. काहून? हा प्रश्न मी तुला आधीही विचारला होता. तू म्हणालीस, "करते म्हणून करते." असं कोणी करत नाही, बाई. आपल्या लोकांना आजवर ज्यानं ज्यानं काही दिलं, त्यानं त्याच्या बदल्यात काहीतरी नेलंच आहे.

तरी तुझा शब्द मोडवत नाही म्हणून ते पान वाचलं. वह्या तपासायची लाल पेन्सिल घेऊन बसलो. चांगलं हा शब्द सात वेळा आला. देव सहा दिवसांत जग घडवतो. उजेड केला, पाहिलं, चांगलं. जमीन, झाडं, सूर्य, मासे, जनावरं, सगळं चांगलं. स्वतःच बनवायचं आणि स्वतःच चांगलं म्हणायचं! आमच्या शाळेत एखाद्या पोराला स्वतःची वही स्वतःच तपासायला दिली तर तोही पैकीच्या पैकी देईल. आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचे दोन भाग केले, त्या दिवशी मात्र तो शब्द नाही. काहून नाही? काही तरी बिघडलं असणार आणि ते लपवलं असणार. माणूस घडवला तेव्हाही माणसाला वेगळं चांगलं म्हटलेलं नाही. सगळं मिळून फार चांगलं म्हणून मोकळे झाले. मी तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

आपल्या धम्मात हे सरळ आहे. ज्यानं दुःख कमी होतं ते कुशल. ते आपण करून बघायचं, कोणी वरून शिक्का मारायची गरज नाही.

आता एक सरळ विचारतो, सरळ उत्तर दे. तू बाप्तिस्मा घेतलास का? मागच्या उन्हाळ्यात मी आलो होतो तेव्हा तू आणि सिस्टर दोघी क्रुसापुढे मान खाली घालून उभ्या होतात. मी दारातूनच परत फिरलो, तुला कळलं नसेल. विहारातले लोक मला विचारतात, "गुरुजी, तुमची बहीण तिकडं गेली म्हन्ते?" मी काय सांगू?

तुमच्या दवाखान्याची चौकशी लागली आहे असं कानावर आलं. ऐकून नवल वाटलं. कोणी अर्ज केला वगैरे शोधत बसू नकोस. लोक जळतात. त्यातून काही निघत नाही.

तुझा,
तेजराम


दिघोरी
ता. २० जानेवारी १९८०

प्रिय विमलबाई,

कुंताबाई काल घरी आली. अंगात ताप नाही. भोजराज बायकोला उठू देत नाही, स्वतः चूल पेटवतो. तू सांगितलेल्या गोळ्या देणं चालू आहे. हे आधी लिहितो, कारण तुला त्याचीच काळजी असेल.

तुझं डिसेंबरचं पत्र माझ्याकडे महिनाभर पडून होतं, मी उत्तर दिलं नाही. आज ते परत काढलं. बाप्तिस्म्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. माझ्या लाल पेन्सिलीचं मात्र उत्तर दिलंस. तुझेच शब्द उतरवतो:

"मी आजवर चारशेच्या वर बाळं हातात घेतली. बाळ बाहेर आलं का मी पहिले पाहते. श्वास हाये, रडते, बोटं पुरी हायेत. मग आईले सांगते, चांगलं हाये. त्या बाळानं काही पुण्य केलेलं नसते. पुढं चोर निघन का साव, मले काय माहीत? तरी मी चांगलं म्हणते अन् ते खोटं नसते. मले वाटते तो देवही तसाच पाहत असन. मार्क देत नसन. दुसऱ्या दिवसाचं सिस्टरले विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी वेगळं केलं पण जमीन अजून वर आली नव्हती, काम अर्धं होतं. अर्ध्या कामाले कोणी चांगलं म्हणत नाही. तू माणसाचं विचारलं. त्याले वेगळं चांगलं नाही म्हटलं, हे मलेही खटकते. तू जास्त शिकला, तूच सांग."

वाचून मला राग आला होता. वाटलं, ही तर चांगलीच पढवलेली आहे. सिस्टरले विचारलं म्हणे! तू मला गोड बोलून तिकडे ओढते आहेस, अशी माझी खात्री झाली.

मग गुरुवार उजाडला. कुंताबाईला सकाळी कळा सुरू झाल्या. आधीची दोन्ही बाळंतपणं तुझ्याच हातची, म्हणून ती दुसरीकडे जायला तयार होईना. भोजराज माझ्याकडे धावत आला, "गुरुजी, तुमी चाला, तुमची बहीण हाये तिथं." मी म्हणालो, दवाखाना बंद आहे. तो म्हणाला, "बाई तं हाये ना!" एसटीत कंडक्टरनं मागचं लांब बाक रिकामं करून दिलं. पवनीला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

दाराला कुलूप, कुलपाला कागद आणि लाख. चौकशी संपेपर्यंत उघडायचं नाही. सिस्टरना नागपूरला पाठवलेलं. तू शेजारच्या तुझ्या खोलीतून ओल्या हातांनी धावत आलीस. माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि कुंताबाईला आत घेतलंस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो. मला कुठेतरी लिहून ठेवायचं आहे. नाळ गळ्याभोवती होती. तू नुसत्या हातांनी सोडवलीस. पोरगी निळी पडली होती. घशातलं पाणी ओढायची नळी कुलपाआडच्या कपाटात, खोलीपासून वीस पावलांवर. तू तोंडानं ओढलंस, तोंडानं श्वास दिलास. भोजराज मला म्हणाला, "गुरुजी, तोडू का कुलूप?" आणि मी त्याला काय म्हणालो ते तू ऐकलंस. मी म्हणालो, "सरकारी सील हाये, भोजराज." तरी त्यानं दगड घेतलाच. कुलूप तुटायला वेळ लागला.

पोरगी तासभर जगली.

त्या तासात कुंताबाईनं विचारलं, "कशी हाये बाई?" आणि तू पोरीला पुसून, गुंडाळून तिच्या छातीशी दिलीस आणि म्हणालीस, "चांगली हाये. पाह्य."

मी दारात होतो. मला ते सहन झालं नाही. नंतर अंगणात मी तुला म्हणालो, "खोटं काहून बोलली तू? मरायले टेकली होती ते." तू हात धूत होतीस. वर न पाहता म्हणालीस, "खोटं कुठं बोलली? तू पाहिलं का तिच्याकडं?"

मी पाहिलं नव्हतं, बाई. मी सगळा वेळ त्या कुलपाकडे पाहत होतो.

आणखी लिहायचं आहे, पण पोस्टाची थैली निघायची वेळ झाली.

तेजराम


दिघोरी
ता. २ मार्च १९८०

विमलबाई,

थैली निघायची वेळ झाली नव्हती. ती चार वाजता निघते आणि तेव्हा दोनही वाजले नव्हते.

परवा चौकशीचे साहेब आमच्या शाळेत आले. भोजराजनं सील तोडलं म्हणून त्याचा जबाब घ्यायचा होता, आणि गावात बसायला शाळेशिवाय जागा नाही. भोजराज खाली बसला, मी त्याला बाकावर बसवलं. त्यानं सगळं सांगितलं. मग साहेबांनी फाईलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "गुरुजी, तुम्ही इतक्या पोरांची अक्षरं बघता. हा निनावी अर्ज इकडचाच असावा. कोणाचं अक्षर वाटतं?"

मी कागद जवळ ओढला. साहेब हसून म्हणाले, "तुमच्या बहिणीलाही दाखवला होता, दिवाळीच्या आधी. बराच वेळ कागद हातात धरून बसली. मग काय म्हणाली माहीत आहे? अक्षर चांगलं आहे, साहेब. बस. मला वाटलं, बाई जरा भोळी आहे."

दिवाळीच्या आधी! म्हणजे पार्सल पाठवलंस तेव्हा तुला माहीत होतं. मी "लोक जळतात" असं लिहिलं तेव्हा माहीत होतं. गुरुवारी ओल्या हातांनी माझ्याकडे पाहिलंस तेव्हाही. तू चौथीपर्यंत शिकलीस आणि मला अंगणातल्या मातीत बोट धरून अक्षरं गिरवायला लावलीस. माझा 'ळ' तुझ्याइतका कोण ओळखणार?

तो अर्ज मी लिहिला, बाई. उन्हाळ्यात तुझ्या दारातून परत आलो त्याच आठवड्यात. त्यात लिहिलं की क्रुसाला हात जोडल्याशिवाय तिथे औषध मिळत नाही, आणि नवजात पोरांवर गुपचूप बाप्तिस्म्याचं पाणी शिंपडतात. यातलं एकही मी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं ते इतकंच, की माझी बहीण कोणापुढे तरी मान खाली घालून उभी आहे आणि तिचा चेहरा शांत आहे. तसा शांत चेहरा आमच्या घरी असताना तुझा कधी नव्हता. तुझा नवरा वारल्यावर दोन वर्षं तू माझ्याकडे राहिलीस. त्या दोन वर्षांत मी तुला भाकरी दिली आणि रोज ऐकवली. धर्माचं नाव मी पुढे केलं. खरी आग ही होती.

मी साहेबांना म्हणालो, "हे अक्षर माझं आहे."

भोजराज माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमी तं एसटीत माह्यासंग होते ना? कुंतीचं डोकं तुमच्या मांडीवर होतं ना?" मी हो म्हणालो. तो उठला आणि चपला न घालताच घरी गेला. त्या चपला मी त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. कुंताबाई ओट्यावर बसली होती. तिनं तोंड फिरवलं नाही. ती माझ्याकडे इतका वेळ पाहत होती की मला परत यायचं सुचेना.

निर्मलाला सांगितलं. दोन दिवस ती ताट वाढते आणि उठून जाते.

आता ऐक, यापुढचं महत्त्वाचं. साहेबांचा माझ्यावर विश्वास नाही. मी त्यांच्यापुढे अर्जातलीच एक ओळ लिहून दाखवली, पण हात इतका थरथरत होता की अक्षर जुळेना. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही तिचे सख्खे भाऊ. दवाखाना उघडावा म्हणून अंगावर घेत असाल. उद्या ती तुम्हाला वाचवणार आणि तुम्ही तिला, असंच चालायचं." मी शपथ घेतली तर म्हणाले, शपथा रोज ऐकतो. जन्मभर मी ज्या नजरेनं लोकांकडे पाहिलं, त्याच नजरेनं तो माणूस माझ्याकडे पाहत होता. त्या नजरेपुढे खरं बोलूनही माणूस खोटा ठरतो, हे मला पहिल्यांदा कळलं.

माझी नोकरी जाईल की राहील, माहीत नाही. त्याबद्दल तू मनाला लावून घेऊ नकोस. तू बाप्तिस्मा घेतला की नाही, हेही आता विचारत नाही. घेतला असेल तर घेतला.

एक खरं सांगतो. अजूनही मला शंका येते. तू गप्प राहिलीस ते माझ्या मायेनं, की मला आतल्या आत जाळायला, हे मी रात्रंदिवस उलटसुलट करतो. हा माझा स्वभाव आहे, तो एका पत्रानं जायचा नाही. त्या पानावर माणसाला वेगळं चांगलं म्हटलेलं नाही, त्याचं उत्तर तू मला मागितलं होतंस. कदाचित माणसाचं काम अजून अर्धंच असेल. मी लिहिलेलं प्रश्नचिन्ह खोडून टाकलं नाही, ते राहू दे.

साहेब पुढच्या सोमवारी पवनीला तुझ्याकडे पुन्हा येतील. तोच कागद तुझ्यापुढे ठेवतील. या वेळी गप्प राहू नकोस, अक्षराची तारीफ करू नकोस. माझं नाव सांग. तू सांगितलंस तरच कुलूप निघेल, सिस्टर परत येतील, आणि भोजराजवरचा सील तोडल्याचा ठपकाही बहुतेक उतरेल. मला वाचवू नकोस, बाई. एवढं एक माझ्यासाठी कर.

साहेब ताडून पाहायला नमुना मागतील. आज हात थरथरत नाही. हे पत्रच त्यांना दे. खाली पूर्ण नाव लिहितो.

तेजराम यादोराव मेश्राम
सहायक शिक्षक, दिघोरी