सात सेकंदांची मुदत

सोमवार, ४ मार्च

नवं गाव, नवी नोकरी, म्हणून वहीही नवी. दोन खोल्यांचं घर मिळालंय. चिमणीने, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीने, आल्या आल्या खिडकीजवळची खाट बळकावली. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे भांडणात पंच कोणी नाही आणि दरवेळी मीच हरतो.

कार्यालय नागरिक नोंदणीचं. गावातल्या प्रत्येक माणसाची नोंद एका जुन्या लिनक्स सर्व्हरवर आहे. कागदी रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली. साहेबांनी नवे रहिवासी म्हणून आमचीही नोंद करून घेतली. आधी माझी, तिच्याखाली चिमणीची. मग गाऱ्हाणं सांगितलं: एक दाखला काढायला पंधरा मिनिटं लागतात, रांग जिन्यापर्यंत जाते. पंधरवड्यात घोड्यासारखा पळवून दाखवतो म्हणालो. पहिल्या दिवशी बढाई मारायला काय जातं!

बुधवार, ६ मार्च

दुखणं सापडलं. प्रोसेसर माशा मारत बसलाय, मेमरी मोकळी आहे, आणि डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली. काम बघावं तर चिमूटभर. लॉग उघडला तर त्याच त्या चौदा जागा वाचताना चूक. त्या झिजल्यात. त्यातली एखादी आली की डिस्क तीच जागा पुन्हापुन्हा वाचत बसते आणि मागचं सगळं खोळंबतं. नवी डिस्क मागितली, तर मंजुरीला वर्ष लागेल म्हणे.

नोंदी घेणाऱ्या बाई पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत. त्या म्हणाल्या, ती मंद नाहीये हो, शोधतेय. सापडेपर्यंत शोधू द्यावं, मी वीस वर्षं तेच केलं. मी मान डोलावली. अशा माणसांशी वाद घालू नये, त्यांच्या निवृत्तीची वाट पाहावी.

शाळा सुटली की चिमणी इथेच येते. दाराशी बसणारे शिपाईकाका तिला आपलं स्टूल देतात आणि रद्द अर्जांच्या पाठीमागे मांजरं काढून दाखवतात. दोघांची गट्टी जमलीय.

शनिवार, ९ मार्च

जमलं! डिस्कला सात सेकंदांची मुदत घातली. तेवढ्यात जागा वाचता आली तर ठीक. नाहीतर माझी स्क्रिप्ट, म्हणजे मी लिहिलेला छोटासा प्रोग्राम, तिथे शून्यं भरते, डिस्क ती जागा कायमची बाजूला टाकते आणि पुढे चालू लागते. चौदाच्या चौदा साफ. दाखला अर्ध्या मिनिटात हातात. बॅकअप रोज याच डिस्कवरून उतरतो, तोही झपाट्याने झाला.

त्या जागी कोणाच्या नोंदी होत्या ते पाहिलं नाही. चौदा नोंदींसाठी अख्खं गाव ताटकळत ठेवायचं का? साहेबांनी पाठ थोपटली.

मंगळवार, १२ मार्च

ही वही चाळत होतो. शिपाईकाका कोण? दाराशी स्टूल आहे, पण त्यावर कोणी बसत नाही. साहेब म्हणाले, आपल्याकडे शिपाई कधी नव्हताच. चिमणीलाही काही आठवेना. तिच्या दप्तरात मात्र रद्द अर्जांच्या पाठीमागे काढलेली अकरा मांजरं निघाली.

बाईंना वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. म्हणाल्या, पहिल्याच वर्षी कंटाळून मी एक शोध मधेच तोडला होता. घरी माझा एक फोटो आहे, माझ्या खांद्यावर हात टाकून एक माणूस हसतोय. तो कोण, मला माहीत नाही. तेव्हापासून मी घाई करत नाही.

आमच्या नोंदी उघडून पाहिल्या. माझी लगेच आली. चिमणीची यायला चार सेकंद लागले, तीही जागा झिजू लागलीय.

बुधवार, १३ मार्च

स्क्रिप्ट बंद करतो म्हटल्यावर साहेब उखडले. शुक्रवारी वरिष्ठांची पाहणी आहे, तोवर हात लावायचा नाही. मी गुपचूप काहीतरी करीन म्हणून सर्व्हरचा पासवर्डही बदलून स्वतःकडे घेतला. मी मुकाट्याने घेऊ दिला. भांडायला हवं होतं. नवी नोकरी, नवा साहेब, शेपूट घातलं झालं. चार म्हणजे काही सात नव्हे, असं स्वतःला समजावतोय.

निघताना चिमणीची नोंद पुन्हा पाहिली. पाच.

शुक्रवार, १५ मार्च

पाहणी उत्तम झाली. वरिष्ठांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

एकट्या माणसाला दोन खोल्या फार होतात. खिडकीजवळ दुसरी खाट कशाला ठेवलीय, घरमालकालाच ठाऊक. घसा दुखतोय, खूप रडल्यावर दुखतो तसा. कारण काहीच नाही.

शनिवार, १६ मार्च

चिमणी कोण?

अक्षर माझंच आहे. बेसिनपाशी छोटा ब्रश. दाराशी चपलांचा जोड, एक चप्पल माझ्या तळहातावर मावते. तळहातावर घेऊन बसलो. चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. बापाला आठवत नाही! थू माझ्या जिंदगानीवर.

शाळेत गेलो. अशी मुलगीच नाही म्हणाले. दप्तरातल्या वह्यांवर नावाची चौकट कोरी. बॅकअप पाहिला — शून्यंसुद्धा इमानदारीने उतरवून घेतलेली. साहेब बाहेरगावी. पासवर्ड त्यांच्याकडे. स्क्रिप्ट चालूच —

शनिवार, दुपार

बाईंनी आपल्या खात्यातून कोरा अर्ज उघडून दिला. नोंद पुन्हा केली तर कदाचित —

मुलीचं नाव?

वहीभर नुसतं चिमणी, चिमणी. खरं नाव एकदाही लिहिलं नाही. गरजच काय होती! चिमणीच टाकलं.

वडिलांचं नाव टाकलं. बापाची नोंद सापडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. माझी जागा तिच्या शेजारचीच. सकाळी पाहिली तेव्हा सहा सेकंद लागले होते.

बाई म्हणतायत, नका हो दाबू. जी आठवतही नाही तिच्यासाठी —

दाबलं.

शोधत आहे.

तीन.

चार. वही बाईंकडे ठेवतो. त्या वाचतील, पुन्हा नोंद करतील, दोघांची — पण यात माझंही नाव कुठे नाही —

सहा. लिहितो. माझं नाव —